गाईचा बांधा आणि बीजांतील पाठभेद

बारा-तेरा वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. त्या वेळीं मी शाळेंत शिक्षक होतों आणि कोंकणांतील आमच्या घरीं एक गाय होती. रंग काळाभोर, बांधा ठेंगणा, शिंगें आंखूड. शेजारीं उभी राहिली म्हणजे तिची पाठ माझ्या कमरेच्या थोडी वर येई. दूध दोन वेळचें मिळून दोन लिटरांवर कधीं गेलें नाहीं. परंतु आषाढांतल्या पावसांत ती डोंगर चढून चरून येई, आजारपण तिला ठाऊक नव्हतें, आणि रात्रीं ती केव्हां व्याली हें आम्हांला सकाळीं गोठ्यांत गेल्यावरच कळे. गांवांत मोठ्या परदेशी जातीच्या वळूंचें बीज कृत्रिम रेतनानें मिळत असे. दूध वाढेल, वासरूं चांगलें थोराड होईल, असा हिशेब करून मीं गाय त्या बीजानें फळविण्याचें ठरविलें.

“अहो, एवढीशी ती गाय, तिला एवढ्या दांडग्या जनावराचें बीज कशाला?” असें घरांतून विचारणें झालें. आमच्या म्हाताऱ्या गुराख्यानें “मास्तर, गाय बारीक आहे,” एवढेंच म्हणून मान हलविली. मीं दोघांचेंही म्हणणें हंसण्यावारीं नेलें.

दिवस भरल्यावर गाय अडली. रात्रभर कळा देऊनही वासरूं बाहेर येईना. पहांटे पशुवैद्य आले. त्यांनीं आपल्याकडून पराकाष्ठा केली. वासरूं मेलेलेंच निघालें, आणि तें एवढें मोठें होतें कीं, त्या गाईच्या पोटांत तें मावलें कसें याचें नवल वाटावें. तिसऱ्या दिवशीं गायही गेली. दोष पशुवैद्यांचा नव्हता, बीज देणाऱ्याचाही नव्हता. निवड माझी होती.

तेव्हांपासून जनावराचा आकार ठरतो कसा, हा प्रश्न माझ्या मनांत घर करून राहिला. मी शास्त्रज्ञ नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि जोडीला थोडा संस्कृताचा व्यासंग. परंतु सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हां या विषयावर जें वाचावयास मिळालें आणि जेवढें समजलें, तेवढें वाचकांपुढें ठेवीत आहें. ज्यांच्या घरीं गाय आहे त्यांस त्याचा उपयोग होईल. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांसही, आपल्या शरीराची घडण अशाच नियमांनीं होते हें ध्यानांत घेतां, तें अगदींच परकें वाटणार नाहीं.

बीज कीं क्षेत्र ?

मनुस्मृतींत बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, असा एक वाद आला आहे. नव्या शास्त्रानें त्याचा निकाल असा लाविला आहे कीं, बीजाच्या बाबतींत आई व बाप यांचा वाटा जवळजवळ सारखा असतो. गाईच्या शरीरांतील प्रत्येक पेशींत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एक सूत्र आईकडून आलेलें, दुसरें बापाकडून. हीं सूत्रें म्हणजे चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेली एक प्रचंड पोथीच होय. २००९ सालीं हेरफर्ड जातीच्या एका गाईची ही पोथी वाचून प्रसिद्ध करण्यांत आली. अक्षरें सुमारें पावणेतीन अब्ज, आणि त्यांत शरीराला लागणारीं प्रथिनें कशीं घडवावीं हें सांगणारे निदान २२,००० अध्याय. या अध्यायांसच जनुकें म्हणतात.

पोथी म्हटली म्हणजे पाठभेद आलेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून सिद्ध केली, ती निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखितांचे पाठभेद ताडूनच. लेखकु नकल करूं लागला म्हणजे कोठें एखादें अक्षर बदलतें, कोठें ओळ गळते, कोठें एखादा शब्द दोनदां पडतो. आणि त्या प्रतीवरून उतरलेल्या पुढील सर्व प्रतींत तो फरक कायम राहतो. बीजाच्या पोथीचीही हीच गत आहे. पिढीमागून पिढी तिची नकल होत असतां क्वचित् अक्षर चुकतें आणि तें वंशांत उतरतें. २०१४ सालीं २३४ जनावरांच्या पोथ्या एकमेकींशीं ताडून पाहिल्या, तेव्हां सुमारें २ कोटि ८३ लक्ष ठिकाणीं पाठभेद आढळले. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. अर्थाला बाध येत नाहीं. थोडे मात्र असे असतात कीं, त्यांच्यामुळें जनावराची उंची, वजन, मांस, हाड अथवा वाढीचा वेग बदलतो. प्रथम ठळक उदाहरणें पाहूं.

अकरा अक्षरांची गळती

वृत्तें शिकलेल्या वाचकांस अक्षरगण आठवत असतील. तीन-तीन अक्षरांचा एक गण पाडावयाचा आणि त्या क्रमावरून वृत्त ओळखावयाचें. पेशीही आपली पोथी अशीच तीन-तीन अक्षरांचे गण पाडून वाचते. प्रत्येक गणाप्रमाणें प्रथिनाच्या साखळींत एकेक कडी जोडली जाते. आतां चरणांतून बारा अक्षरें गळलीं, तर चार गण कमी होतील, पण पुढचे गण जसेच्या तसे पडतील. अकरा गळलीं तर मात्र पुढचा प्रत्येक गण सरकतो आणि सर्व चरणाचाच विचका होतो.

बेल्जियम देशांतील बेल्जियन ब्लू नांवाच्या जातींत नेमकें हेंच घडलेलें आहे. हीं जनावरें पाहिलीं म्हणजे तालमींत घुमलेल्या मल्लाची आठवण होते. मांड्या व खांदे स्नायूंनीं फुगलेले, पाठीवर मधोमध पन्हळ पडलेली. सस्तन प्राण्यांच्या शरीरांत मायोस्टॅटिन नांवाचें एक प्रथिन असतें. स्नायु किती वाढूं द्यावयाचे याचा लगाम त्याच्या हातीं असतो. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत मॅक्फेरॉन व ली यांनीं १९९७ सालीं उंदरांमध्यें हें जनुक बंद पाडून पाहिलें, तों ते उंदीर कमालीचे पिळदार झाले. त्याच वर्षीं असें उघडकीस आलें कीं, बेल्जियन ब्लू गुरांच्या याच जनुकांत ११ अक्षरें गळालेलीं आहेत. गण सरकतात, प्रथिन अर्धवट राहतें, लगाम सुटतो आणि स्नायु वाढत जातात. इटलींतील पीडमॉन्टीज जातींत याच जनुकांत अवघें एक अक्षर बदललें आहे, परिणाम तोच.

तिकडे गोमांस हा नित्याचा आहार असल्यामुळें हा दोष तेथील लोकांस गुण वाटला आणि त्यांनीं तो पिढ्यान् पिढ्या निवडून पक्का केला. परंतु त्याचें मोल गाईला द्यावें लागलें. वासरूं आईच्या पोटांतच मांसल होतें. उलट आईचा जन्ममार्ग अरुंद. त्यामुळें या जातींतील बहुतेक सर्व प्रसूति पोट कापूनच कराव्या लागतात. आपोआप वीणें हा अपवाद ठरला आहे. शस्त्रवैद्याच्या सुरीवांचून जो वंश पुढें चालूं शकत नाहीं, त्याला सुधारलेला म्हणावयाचें कीं नाहीं, हें वाचकांनींच ठरवावें.

ठेंगणेपणाची हौस

मोठेपणाचें झालें, आतां लहानपणाचें उदाहरण. आयर्लंडांत डेक्स्टर नांवाची एक आटोपशीर जात आहे. तींतील कांहीं जनावरांचे पाय फार आंखूड असतात आणि तीं दिसावयास मोठीं गोजिरवाणीं असतात. कूर्चेला बळकटी देणारें एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकांत चार अक्षरें अधिक घुसल्यामुळें हा प्रकार होतो, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. सदोष प्रत एकाच बाजूनें आली तर जनावर आंखूड पायांचें, पण धडधाकट निपजतें. दोन्ही बाजूंनीं आली तर मात्र वासराचें डोकें व हातपाय विकृत होतात आणि तें दिवस भरण्यापूर्वींच मृतावस्थेंत पडतें. आंखूड पायांचा वळू आणि आंखूड पायांची गाय यांचा जोडा जमविला, तर सरासरीनें चारांत एक गर्भ असा वांया जातो. मेंडेलनें १८६६ सालीं वाटाण्यांवरून जें गणित प्रसिद्ध केलें तेंच हें गणित.

अमेरिकेंतील हेरफर्ड जातीची कथा याहून बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला तेथील प्रदर्शनांत बुटक्या, गोटीबंद जनावरांस बक्षिसें देण्याची रीत पडली होती. खुजेपणाच्या एका दोषाची एक प्रत ज्यांच्या अंगीं होती, तीं जनावरें नेमकीं तशींच दिसत. त्यामुळें पालकांनीं नकळत तोच दोष निवडला. नामांकित वळूंचा वंश सर्वत्र पसरला आणि मग दोन्ही बाजूंनीं दोष घेऊन आलेलीं खुजीं, धापा टाकणारीं, अल्पायुषी वासरें कळपाकळपांतून जन्मूं लागलीं. पुढें वंशावळी तपासून संशयित घराणीं प्रजननांतून बाद करावीं लागलीं. ज्या वळूंच्या गळ्यांत पदकें पडलीं होतीं, त्यांचेंच बीज टाकून द्यावें लागलें. डोळ्यांना जें रूप दिसतें, त्याच्या पोटीं काय दडलें आहे तें दिसत नाहीं, हा या कथेचा मथितार्थ आहे.

थेंबें थेंबें तळें

वरील उदाहरणें ठळक खरीं. परंतु तीं अपवादात्मक आहेत. सामान्यतः जनावराची उंची व वजन कोणा एका जनुकाच्या हातीं नसतें. रोनाल्ड फिशर या इंग्रज गणितज्ञानें १९१८ सालींच दाखवून दिलें होतें कीं, पुष्कळ जनुकें प्रत्येकीं थोडथोडा भार टाकीत असलीं, तर उंचीसारखा गुण पायरीपायरीनें न बदलतां सलग बदलतांना दिसेल. २०१८ सालीं याची मोठी प्रचीति आली. निरनिराळ्या देशांतील १७ कळपगटांमधील ५८,२६५ जनावरांची उंची व त्यांची बीजपोथी ताडून पाहतां, उंचीशीं निगडित अशीं १६३ ठिकाणें सांपडलीं. गंमत अशी कीं, या सर्व ठिकाणांची बेरीज केली तरी उंचींतील फरकापैकीं फार तर १३.८ टक्क्यांचाच उलगडा होतो. बाकीचा फरक कांहीं अंशीं याहूनही बारीक अशा असंख्य पाठभेदांत विखुरला आहे आणि कांहीं अंशीं चाऱ्यापाण्यांत. विशेष म्हणजे, या यादींतील कित्येक जनुकें मनुष्याच्या व कुत्र्याच्या उंचीशींही संबंध राखतात. सृष्टीनें सर्व सस्तन प्राण्यांस एकाच मापपट्टीनें मोजलें असावें !

या गर्दींतही कांहीं थेंब इतरांहून मोठे असतात. चौदाव्या गुणसूत्रावर प्लॅग-वन नांवाचें एक जनुक आहे. न्यूझीलंडांत थोराड होल्स्टिन-फ्रिजियन आणि लहानखुरी जर्सी यांच्या संकरित संततीचा अभ्यास झाला. त्यावरून या जनुकाच्या परिसरांतील पाठभेद उंची व वजन या दोहोंवर परिणाम करतात, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. येथें जनुकाचा मजकूर बदललेला दिसत नाहीं. तो मजकूर किती वेळां वाचावा हें सांगणारी जी खूण अध्यायाच्या आरंभीं असते, तींत फरक आहे. पंतोजीनें एका मुलाला धडा दहादां वाचावयास सांगावा आणि दुसऱ्याला पंधरादां, तसाच हा प्रकार.

या जनुकाविषयीं पुढें जें कळलें, तें वाचतांना मला आमच्या गोठ्यांतील ती रात्र आठवली. उंची वाढविणारा हाच पाठभेद वासराचें जन्मवेळचें वजनही वाढवितो, असें २०१२ सालीं दिसून आलें. आपल्याकडील वशिंडवाल्या गुरांपासून झालेल्या ब्राह्मन जातीच्या अभ्यासांत असेंही आढळलें कीं, उंचीच्या या पाठाबरोबर जनावर वयांत येण्यास अधिक काळ लागतो. म्हणजे उंची ही एकटी येत नाहीं. ती आपल्याबरोबर जड वासरूं आणते, उशीरा येणारा माज आणते, आणि मोठ्या देहाला लागणारा अधिक चारा तर आणतेच. एक दोरी ओढावी तों दुसऱ्या चार हलाव्या, अशी ही जुळणी आहे.

पोटांतील मर्यादा

वाचक विचारतील कीं, मग निसर्गानें याला कांहींच आवर घातला नाहीं काय ? घातला आहे. केंब्रिज येथील वॉल्टन व हॅमंड यांनीं १९३८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. शायर नांवाचा अजस्र घोडा आणि शेटलंड नांवाचें इवलेंसें तट्टू यांचा संकर त्यांनीं दोन्ही अंगांनीं घडवून आणिला. आई शायर असली कीं शिंगरूं मोठें जन्मे; आई शेटलंड असली कीं तें लहान जन्मे. दोन्हींचें बीज सारखेंच मिश्र, परंतु क्षेत्र निराळें. गर्भाशयाच्या मर्यादेनें वाढीला जन्मापूर्वींच आवर घातला होता. तेव्हां क्षेत्राचा पक्ष घेणारांचेंही अगदींच चुकलें नव्हतें.

परंतु हा आवर घोड्यांत जितका पुरा पडतो, तितका गाईंत पडेलच अशी खात्री नसते. वासराला निम्में बीज बापाकडून मिळतें आणि तें आपला हक्क सांगतें. जन्ममार्गाची रुंदी मात्र सर्वस्वी आईच्या हाडांची. या दोहोंचा मेळ बसला नाहीं तर काय होतें, तें मीं पाहिलें आहे. म्हणूनच ज्या देशांत गोपालन शास्त्रोक्त रीतीनें चालतें, तेथें वळूच्या टिपणांत त्याच्या मुलींचें दूध जसें लिहिलेलें असतें, तसेंच त्याचीं वासरें सुखानें जन्मतात कीं अडतात, हेंही लिहिलेलें असतें. आणि पहिलारू गाईकरितां सुखप्रसूतीचाच वळू निवडतात. माझ्या गुराख्याला टिपण वाचतां येत नव्हतें. पण त्यांतील मर्म त्याला ठाऊक होतें.

चाऱ्याचा वाटा

येथें एका गैरसमजाचें निरसन केलें पाहिजे. बीजाची एवढी थोरवी ऐकून कोणी असें समजेल कीं, चांगलें बीज आणलें म्हणजे काम झालें. तसें नाहीं. एकाच कळपांतील जनावरांच्या वजनांत जो फरक दिसतो, त्यापैकीं साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतचा फरक बीजामुळें असतो. उरलेला चारा, पाणी, रोगराई, ऋतु आणि निगा यांमुळें. थोराड जातीचें वासरूं उपाशी ठेवलें तर तें थोराड होत नाहीं. तें केवळ थोराड भूक असलेलें रोडकें जनावर होतें. उलट लहान बांध्याची गाय थोड्या चाऱ्यावर आपलें पोट, आपलें वासरूं आणि धन्याचा चहा एवढें निभावून नेते.

आपल्या गाईंचें शहाणपण

आपल्या देशांतील गोवंशांकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्यांच्या बांध्याचा अर्थ उमगूं लागतो. सोलापूर, सांगली, सातारा या कोरड्या मुलखांतील खिल्लारी अंगानें सडपातळ, पायानें चपळ. तिच्या बैलांनीं वर्षानुवर्षें नांगर व गाडी ओढली. नाशिक व अकोले भागांतील डांगी मुसळधार पावसांत टिकून राहणारी. लातूरकडील देवणी, नांदेडची लाल कंधारी, वर्ध्याची गवळाऊ, प्रत्येकीची घडण त्या त्या भूमीला साजेशी. कोंकणांतील कोंकण कपिला लहानखुरी आहे, ती उगीच नव्हे. लहान देहाला वजनाच्या मानानें कातडीचा विस्तार अधिक असतो, म्हणून दमट उष्म्यांत त्याची उष्णता लवकर बाहेर पडते. कातळावरचें गवत कसदार नसतें, तें थोड्यांत भागवावें लागतें. आणि चढउताराच्या वाटेवर हलकें अंग बरें. केरळांतील वेचूर गाय तर जगांतील अत्यंत लहान गाईंत गणली जाते. तिची उंची सुमारें ९० सेंटिमीटर. संकराच्या लाटेंत ती नामशेष होण्याच्या बेतांत होती. १९८९ सालापासून केरळ कृषि विद्यापीठांत तिच्या रक्षणाचा प्रयत्न सुरू झाला, म्हणून ती आज दृष्टीस पडते.

शतकानुशतकें या गाईंच्या बीजांत जे पाठ टिकले, ते त्या हवापाण्यानें तपासून घेतलेले पाठ आहेत. मोठ्या परदेशी वळूशीं सरसकट संकर करीत गेलें म्हणजे हे पाठ हळूहळू पुसले जातात. आणि हस्तलिखिताची शेवटची प्रत वाळवीनें खाल्ल्यावर तो पाठ जसा पुन्हां मिळत नाहीं, तसेंच येथेंही. याचा अर्थ संकर करूंच नये असा नव्हे. ज्याच्यापाशीं हिरवा चारा, पाणी, पशुवैद्य व बाजार हीं सर्व आहेत, त्याला मोठी गाय परवडते. अशा गाईंच्या दुधावर किती तरी कुटुंबें सुस्थितींत आलीं आहेत. परंतु गाय, गोठा आणि गांव पाहून वळू निवडला पाहिजे. वळू पाहून गाय पणाला लावूं नये.

सुदैवानें आतां ही निवड डोळसपणें करण्याचीं साधनें येत आहेत. २०२४ सालच्या ऑक्टोबरांत आपल्या वाशीम येथें देशी गाईंच्या बीजपरीक्षेसाठीं ‘गौचिप’ आणि म्हशींसाठीं ‘महिषचिप’ अशा दोन चकत्यांचें लोकार्पण झालें. जनावराच्या रक्ताच्या वा केसाच्या नमुन्यावरून हजारों ठिकाणचे पाठ एकदम वाचावयाचे आणि वासरूं लहान असतांनाच त्याच्या अंगच्या गुणांचा अंदाज बांधावयाचा, अशी ही युक्ति आहे. साधन उत्तम; परंतु त्यानें काय शोधावयाचें हें मनुष्यच ठरविणार. केवळ लिटर आणि किलो शोधले, तर हेरफर्डच्या पदकांची पुनरावृत्ति व्हावयास वेळ लागणार नाहीं. काटकपणा, सुखप्रसूति आणि दीर्घायुष्य हेही गुण त्या यादींत असले पाहिजेत.

आमच्या त्या गाईची आधींच्या वेताची एक पाडी गोठ्यांत होती. आईसारखीच काळी, आईसारखीच बुटकी. ती माजावर आली, तेव्हां मीं प्रथम घरांत विचारलें, मग गुराख्याला विचारलें, आणि पलीकडच्या वाडींतील तिच्याच जातीचा वळू निश्चित केला. दिवस भरत आले, तशी मला झोंप येईनाशी झाली; कंदील घेऊन मी रात्रीं दोनदोनदां गोठ्यांत जाऊन येई. एके दिवशीं पहांटे जरा डोळा लागला, तेवढ्यांत घरांतून हांक आली. जाऊन पाहतों, तों वासरूं उभें राहून आईच्या कांसेशीं लागलें होतें आणि गाय त्याला चाटीत होती. वासराची उंची माझ्या गुडघ्याएवढीच होती, आणि ती मला अगदीं पुरेशी वाटली.